सतराव्या ड्रमचं झाकण

एक झाकण जास्त निघालं. घडलं एवढंच. सकाळचे साडेनऊ झाले होते. हिंगोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये मी एकटा उभा होतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला येणार म्हणून चिरलेल्या प्लॅस्टिकच्या ड्रमच्या फाका मोजत होतो. एका ड्रमच्या दोन फाका. बावीस ड्रमच्या चव्वेचाळीस व्हायला हव्यात. भरल्या बेचाळीस. झाकणं मात्र बावीस. मी पुन्हा मोजलं. घाबरलेला माणूस पुन्हा मोजतो, जसं काही आकड्याला त्याची दया येणार आहे. तिसऱ्यांदा मी झाकणं एकेक करून भिंतीला टेकवली आणि त्यांच्यावरचे नंबर वाचत गेलो. नंबर मीच घातलेले, काळ्या पक्क्या शाईनं, माझ्या वळणदार अक्षरात. मग तेच नंबर फाकांवर शोधले. सोळा होता. अठरा होता. सतराचं झाकण माझ्या हातात होतं आणि सतराव्या ड्रमच्या फाका कुठेच नव्हत्या. न चिरलेला ड्रम म्हणजे अख्खा ड्रम, आणि तो अख्खा ड्रम कुठे गेला हे मला त्याच क्षणी कळलं. अडीच महिन्यांपूर्वी मीच तो द्यायला सांगितला होता. तोंडाला चमचा चाटल्यासारखी चव आली. मी भितो तेव्हा ती चव येते, लहानपणापासून.

आमच्याकडे दुर्मिळ मृदा धातू वेगळे करतात. नाव ऐकून लोकांना वाटतं, हा माणूस सोन्याच्या ढिगात बसत असणार. प्रत्यक्षात मी ॲसिडच्या वासात बसतो. दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जड वाळू अर्धीमुर्धी शिजवून आमच्यापर्यंत येते. तिच्यात दहाबारा धातू सख्ख्या भावंडांसारखे एकमेकांना धरून असतात, आणि त्यांना सोडवायचं म्हणजे ॲसिडचं पाणी आणि रॉकेलसारखं तेल साठ पेट्यांतून उलटसुलट फिरवायचं. ढवळायचं, निवळू द्यायचं, पुन्हा ढवळायचं. एक भाऊ तेलात थोडा जास्त रमतो, दुसरा पाण्यात, आणि साठाव्या पेटीपर्यंत त्यांची ताटातूट होते. एका टाकीत फिकट जांभळं पाणी उतरतं, दुसरीत कैरीसारखं हिरवं. जांभळं ते निओडिमियम, पंख्याच्या मोटरीतल्या चुंबकाचं. पहिल्यांदा तो रंग उतरला तेव्हा मी सरलाला, माझ्या बायकोला, फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, बरं, येताना कोथिंबीर आणा. पण या सगळ्याच्या आधी एक काम असतं. त्या वाळूत मुळातच किरणं सोडणारी थोडी द्रव्यं असतात. ती अगोदर बेरियम घालून खाली बसवावी लागतात, आणि मग टनभर मालातली सगळी पीडा मूठभर पांढऱ्या गाळात येऊन बसते. धातू जितका शुद्ध, तितका तो गाळ वाईट. त्यासाठी दर वेळी कोरा करकरीत ड्रम घ्यायचा आणि पुन्हा कशालाही वापरायचा नाही, हा नियम. बाकीचे ड्रम ॲसिड खाऊन पिवळे पडेपर्यंत फिरत राहतात. म्हणजे आमच्याकडे जो ड्रम सगळ्यात नवा आणि स्वच्छ दिसतो, तोच सगळ्यात वाईट. हे मला माहीत होतं. या कारखान्यात हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

शालूबाई आमच्याकडे अकरा वर्षं ॲसिडचे ड्रम धुते. सेनगावच्या पुढे तिचं गाव. जानेवारीत तिची लेक शिवकन्या सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी यायची होती, म्हणून शालूबाईनं रजा घेतली. कारखान्यात कोणाची लेक बाळंतपणाला आली की कारखान्याकडून एक धुतलेला ड्रम द्यायचा, असा रिवाज आहे. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, अशा गावात शंभर लिटरचा ड्रम म्हणजे शालजोडीपेक्षा मोठा आहेर. हा रिवाज मी सुरू केला. मला त्याचा अभिमान होता, आहे म्हणवत नाही. त्या दिवशी मी जेवायला घरी आलो होतो आणि स्टोअर सांभाळणाऱ्या विश्वंभरचा फोन आला. ‘साहेब, शालूबाईची जीप उभी हाय. ओट्यावर बरेच ड्रम वाळून राहिले, कोणता देऊ?’ मी घास गिळत म्हणालो, ‘पिवळा पडलेला देऊ नका हो. चांगला कोरा दिसेल असा बघून द्या.’ गाळाचा माल त्याच आठवड्यात सिमेंट घालून लोखंडी पिंपांत हलवला होता. गाळाचे रिकामे ड्रम एकदा धुऊन, चिरण्यासाठी त्याच ओट्यावर पालथे घातले होते, ॲसिडच्या ड्रमांच्या शेजारी. त्यांच्यावर चिकटवलेले धोक्याचे लाल कागद धुण्यात निघून गेले होते. विश्वंभरनं माझं तंतोतंत ऐकलं. संध्याकाळी ड्रम चिरणारे कटरवाले निघायच्या घाईत होते, मीही होतो. ‘झाले सगळे?’ ‘झाले.’ मी रजिस्टरमध्ये ‘बावीस चिरले’ असं लिहिलं आणि खाली सही केली. मोजलं नाही.

मला आठवतंय, जेवून परत आलो तेव्हा जीप फाटकातून निघत होती. शालूबाई पुढच्या सीटवरून ओरडली, ‘झाकण न्हाई घावलं, साहेब! जाऊ द्या, परात ठिवीन वर!’ मी हसून हात केला. जीपच्या टपावर निळा ड्रम दोरीनं बांधलेला, आणि त्याच्यावर माझं अक्षर लांबून दिसलं. मी ते वाचलं नाही. आपलं अक्षर आपण वाचत नाही, नुसतं ओळखतो. मला तर बरं वाटलं होतं. माझ्या वडिलांचंही तसंच व्हायचं. मार्तंडराव म्हणून लोक त्यांना ओळखायचे. औंढ्याच्या एका लहानशा देवस्थानात ते अभिषेकाच्या पावत्या लिहायचे, आणि बाजारात कोणाच्या खिशातून आपल्या हातची पावती डोकावली की त्यांची चाल बदलायची. ते मला सांगत, अक्षर असं काढावं की ज्याला वाचता येत नाही त्यालाही भरवसा वाटावा. कारखान्यात तसंच झालं होतं. तपासून पास केलेल्या ड्रमवर मी नंबर, तारीख आणि सही टाकायचो. गाळाच्या ड्रमवरही नंबर, तारीख, सही. फरक फक्त त्या लाल कागदाचा. बाया आपसात म्हणायच्या, ज्याच्यावर साहेबाचं अक्षर, त्याला बिनघोर हात लावा. हे माझ्या कानावर आलं होतं आणि मी ते सरलाला दोनदा सांगितलं होतं.

शेडमध्ये मी झाकण उलटं केलं. आतल्या खाचेत पांढरी पापडी धरली होती, दुधाच्या पातेल्याच्या काठाला असते तेवढीच. किरणं मोजायचं यंत्र आणून तिच्यावर धरलं. एरवी ते टक… टक… असं सावकाश बोलतं, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं. पापडीजवळ गेल्यावर कढईत लाह्या फुटाव्यात तसं तडतडायला लागलं. मी ते बंद केलं तरी माझ्या कानात ते चालूच राहिलं. एका ड्रमला किती पापडी धरली असेल, एकदा धुतल्यावर किती उरली असेल, अडीच महिने पाणी भरून ठेवल्यावर त्यातली किती पाण्यात उतरली असेल, असं गणित मी मांडायला लागलो. चौथ्या दशांशापर्यंत आकडे काढणारा माणूस मी, आणि पहिलाच आकडा मला येत नव्हता. विरघळत नाही ते, असं एक मन म्हणत होतं. खरवडून निघतं, तळाशी बसतं, तांब्या बुडवला की वर येतं, असं दुसरं म्हणत होतं. यंत्र घेऊन जायला हवं होतं. पण ते बाहेर नेताना रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं. मी पेन उचललं. कारणाच्या रकान्यापुढे ते थोडा वेळ धरून ठेवलं, आणि खाली ठेवलं. माझ्या आयुष्यात लाज वाटण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण ते पेन खाली ठेवल्याचा आवाज मला अजून येतो. झाकण मात्र मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नायलॉनच्या पिशवीत घातलं. का, तर ते तिथे राहिलं तर कोणीतरी मोजलं असतं.

बसस्टँडवरून मी शालूबाईला फोन लावला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज आणि तिचा आनंद एकदमच आला. ‘साहेब! आवं, पोरगी झाली! सोळा दिस झाले. बारसं बी झालं, दिपा ठिवलं नाव. तुमाला निरोप धाडला हुता की!’ मी विचारलं, ‘ड्रम कसा आहे?’ ‘लई चांगला! पानी गार ऱ्हातं.’ ‘पिता का तेच?’ ‘पेतो की. बाळंतिणीला उकळून देतो, तुमी काळजी करू नका.’ उकळून. उकळल्यानं त्याला काही होत नाही, पाणी तेवढं कमी होतं. ‘ते पाणी ओतून द्या’, एवढंच म्हणायचं होतं. लहान मूलही म्हणू शकतं. मग ती काहून म्हणून विचारील, मी सांगीन, ती विश्वंभरला फोन करील, विश्वंभर मालकाला, मालक वकिलाला, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी रजिस्टर उघडून माझ्या सहीवर बोट ठेवील. मी त्या लेकरासाठी घाबरलो होतो, हे खरं आहे. पण त्या घटकेला मी माझ्यासाठी जास्त घाबरलो होतो, आणि हे आता सांगून टाकलं म्हणून ते कमी लाजिरवाणं होत नाही. मी म्हणालो, ‘मी येतोय.’ ती म्हणाली, ‘या या, च्या ठिवते.’

सेनगावच्या बसमध्ये पिशवी मी आधी मांडीवर घेतली, मग पायाशी ठेवली, मग वाटलं पायालाही कशाला, म्हणून सीटखाली ढकलली. खिडकीची काच सैल होती आणि ती तडतडत होती. रस्ता चांगला लागला की थांबायची, खड्डा आला की पुन्हा. मी खड्ड्यांची वाट बघत घाबरत होतो. शेजारी एक बाई, तिच्या कडेवर दीड वर्षाचं पोरगं. त्यानं वाकून पिशवीचा बंद ओढला. मी त्याचा हात इतक्या जोरात बाजूला केला की ते रडायला लागलं. बाई चिडली. ‘काय हाय हो तिच्यात एवढं? परात हाय काय?’ मी म्हणालो, ‘व्हय, परातच आहे.’ ‘मंग हात लावल्यानं झिजती काय?’ आजूबाजूचे हसले. मीही हसलो, आणि हसताना मला वाटलं की माझ्या दातांतूनही ते तडतडणं ऐकू जात असेल. बाहेर हरभऱ्याची काढणी चालली होती, तुराट्यांचे ढीग रचलेले होते. प्रत्येक घराच्या दाराशी एकतरी निळा ड्रम होता. इतकी वर्षं या रस्त्यानं गेलो आणि ते मला कधी दिसले नव्हते. आता दुसरं काही दिसत नव्हतं. कुठून आले असतील हे सगळे? कोणाकोणाचं अक्षर असेल त्यांच्यावर? मी हिशेब केला. दर तासाला शिवकन्या एक पेला पाणी पीत असेल. बस दीड तास घेते. फोनवर तीनचार शब्द बोललो असतो तर ते पेले वाचले असते. सेनगाव येईपर्यंत मी चार वेळा फोन हातात घेतला आणि चारही वेळा वेळ बघून परत ठेवला.

सेनगावहून जीपनं तिच्या गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. घर शोधावं लागलं नाही. ओवा-शेपाच्या धुरीचा वास गल्लीपर्यंत आला होता. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला तो ड्रम उभा होता. वर पितळेची परात, परातीवर तांब्या पालथा. देवाला ठेवतात तशी त्याची व्यवस्था ठेवली होती. जमिनीवर न्हाणीचं पाणी वाहून गेल्याची ओल होती. म्हणजे लेकराची आजची आंघोळ झाली होती. आतून लेकराचा आवाज आला, बारीक, चांगला ठणठणीत, आणि मला एकदम रडायला आलं. ठणठणीत आवाजाला काही अर्थ नसतो. या किरणांचं असं असतं की वीस वर्षं काही दिसतच नाही.

शालूबाई पदर सावरत बाहेर आली. तिनं माझ्याकडे आधी बघितलं की पिशवीकडे, मला सांगता येणार नाही. पिशवीतून निळी कड दिसत होती. ‘अगं शिवकन्ये,’ ती ओरडली, ‘साहेबानं झाकण आनलं! एवढ्या लांबून झाकण घिऊन आले गं!’ मी काही बोलायच्या आत तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली, प्लॅस्टिक सोडलं, परात बाजूला केली आणि झाकण ड्रमवर दाबलं. टक असा आवाज झाला. ‘बराबर बसलं!’ ती म्हणाली आणि खरोखरच टाळी वाजवली. ‘परातीखालून मुंग्या जायच्या वो. मी रोज म्हनायची, झाकण असतं तर. आमच्या साहेबाला कळलंच.’ गोणपाट थोडं सरकलं होतं आणि त्याच्या आडून ड्रमवरचा सतरा दिसत होता. वर झाकणावर सतरा, खाली ड्रमवर सतरा. दोन्हीकडे वडिलांनी शिकवलेलं वळण. ती माझी खोटी भेट होती आणि मी ती नाकारली नाही. मी खाटेवर बसलो. मनात म्हणालो, चहा होऊ दे, मग सांगतो. भित्र्या माणसाला नेहमी एक चहा पुरतो.

चहा आला. मी कप हातात घेतला. कशाच्या पाण्याचा, हे विचारायची गरज नव्हती. बाळंतिणीच्या घरचा चहा टाकून उठत नाहीत, सरलाच्या बाळंतपणात मीच लोकांना आग्रह करून पाजला होता. मी कप ओठांपर्यंत नेला. म्हटलं, मीही पितो, म्हणजे बरोबरी होईल. असा विचार माझ्या डोक्यात खरोखर आला, आणि मला त्यात काहीतरी धीराचं आहे असंही क्षणभर वाटलं. तेवढ्यात शिवकन्या दारात येऊन बसली. कानाला फडकं बांधलेली, डोळ्यांखाली काळं, हडकुळी पोरगी. मांडीवर लेकरू. तिनं आपला पेला उचलला, फुंकर मारली, आणि लेकरानं झोपेतच तोंड तिच्या छातीकडे वळवलं.

‘पिऊ नकोस,’ मी म्हणालो.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. पेला तिच्या ओठांजवळच थांबला. शालूबाई हसतच होती. ‘काहून?’

आणि मी सांगितलं. पुस्तकातलं काही सांगितलं नाही. गाळाचा ड्रम होता तो, एवढं सांगितलं. विश्वंभरला मी कोरा दिसेल असा द्यायला सांगितलं, चिरल्याची सही मी न मोजता केली, आज सकाळी मला कळलं आणि फोनवर मला बोलता आलं नाही, हेही सांगितलं. फोनचं सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही. गाळाचा ड्रम म्हणजे काय हे तिला समजावून सांगायला लागलं नाही. गाळाच्या त्या मागच्या शेडमध्ये जायचं नाही, एवढं अकरा वर्षं तिला आम्हीच बजावलं होतं. शिवकन्यानं पेला जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी लेकराला छातीपासून लांब धरलं, मग तिला काय करावं ते कळेना आणि तिनं परत जवळ घेतलं. शालूबाई उठून ड्रमपाशी गेली. तिनं गोणपाट पूर्ण खाली ओढलं आणि त्या आकड्यावरून, खालच्या सहीवरून बोट फिरवलं.

‘मला वाचाया येत न्हाई, साहेब,’ ती म्हणाली. ‘विश्वंभर दोन ड्रम दावत हुता. दुसरा याच्याहून मोठा हुता. त्याच्यावर काई लिवल्यालं नव्हतं म्हून म्या सोडला. याच्यावर तुमचं अक्षर हुतं.’

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी रागाची तयारी करून आलो होतो. तिनं शिवकन्याच्या मांडीवरून लेकरू उचललं, दुपट्यासकट, आणि माझ्यासमोर आणलं. जवळून लेकराच्या अंगाला हळदीच्या तेलाचा वास येत होता. मूठ उघडी होती आणि नखं इतकी लहान की ती कोणी रेखून काढली असतील असं मनात येऊन गेलं.

‘लेकराला काय व्हईल?’

‘माहीत नाही, शालूबाई. तपासावं लागेल. मी नांदेडला घेऊन जातो तुम्हाला, आत्ताच. सगळ्यांना. सांगतो मी डॉक्टरांना, लिहून देतो.’

‘ते जाऊ की,’ ती म्हणाली. ‘आधी तुमी बघा. तुमी आमचे ड्रम तपासता, तसं हिला तपासा. तुमी बराबर हाय म्हनलं की आमी मानतो. अकरा साल मानलं.’ तिनं हात पुढे केले. ‘घ्या ना. घ्या, साहेब.’

मी यंत्र आणलं नव्हतं. यंत्र तिकडे टेबलावर होतं, आणि रजिस्टरमधला कारणाचा रकाना कोरा होता. सकाळपासून मी ते झाकण हातात, मांडीवर, पायाशी घेऊन आलो होतो.

‘थांबा,’ मी म्हणालो, ‘आधी हात धुतो.’

मी उठलो आणि अंगणात पाणी शोधलं. नळाला पाणी यायला अजून चार दिवस होते. घागर पालथी होती. बादली कोरडी होती. सगळं पाणी त्या ड्रममध्ये होतं, आणि त्याच्यावर झाकण घट्ट बसलं होतं.